लढाऊ विमानाचा खर्च आणि मंगळवेढ्याची लेथ

मंगळवेढ्याहून पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या ओळखीच्या एका चाचांचे वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल, एक वेल्डिंगचा सेट आणि दाराशी दुरुस्तीला आलेली पेरणी यंत्रे, एवढाच पसारा. ज्वारीच्या या मुलखात पाभरीचे फण, ट्रॅक्टरच्या पिना, पाण्याच्या पंपाचे शाफ्ट आणि हंगामात साखर कारखान्यांचे किरकोळ काम यावर चाचांनी पस्तीस वर्षे संसार केला. त्यांचा पुतण्या आयटीआय करून नाशिकला सातपूरच्या एका लहान कारखान्यात चार वर्षे राहिला, सीएनसी मशीन शिकला आणि आता परत आला आहे. त्याचे म्हणणे असे की कर्ज काढून सीएनसी घ्यावी आणि विमानाच्या सुट्या भागांचे जॉबवर्क धरावे. नाशिकला काम वाढते आहे, त्या धंद्यात दर चांगला मिळतो आणि वर्षानुवर्षे एकच पार्ट करायचा असतो.

गेल्या महिन्यात आम्ही तिथे चहा घेत बसलो असता चाचांनी आम्हालाच विचारले, "तुम्ही कागदवाले आहात, तुम्ही सांगा. एवढ्या कोटींची विमाने पडतात कशी? आणि आपण केलेल्या पार्टमुळे एखादे पडले, तर जबाबदार कोण? पाभरीचा फण तुटला तर शेतकरी दोन शिव्या देतो आणि दुसरा घेऊन जातो. इथे तर माणूस मरतो."

पुतण्या म्हणाला, "चाचा, तुम्ही उगाच घाबरता." आम्हाला मात्र चाचांचा प्रश्न रास्त वाटला. आमच्या वाचकांत लेथवाले, वेल्डर, हीट ट्रीटमेंटवाले, स्क्रॅप आणि मेटलचे व्यापारी पुष्कळ आहेत, आणि संरक्षण खात्याचे काम लहान कारखानदारांपर्यंत येणार असे गेली काही वर्षे सगळीकडे सांगितले जात आहे. तेव्हा या धंद्याचा हिशेब एकदा नीट मांडावा, म्हणून हा लेख.

सोलापूर जिल्ह्याने या विषयाकडे परका म्हणून पाहण्याचे कारण नाही. आज लढाऊ विमाने बांधणारी जी सरकारी कंपनी आहे, हिंदुस्तान एरोनॉटिक्स, तिचे मूळ घालणारे शेठ वालचंद हिराचंद सोलापूरचे. १८८२ साली त्यांचा जन्म सोलापुरात झाला. दुसरे महायुद्ध सुरू असताना, डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत त्यांनी बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली. १९४२ मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा घेतला आणि कारखाना सरकारी झाला. व्यापाऱ्याने सुरू केलेला धंदा युद्धाच्या निकडीत सरकारकडे गेला तो आजतागायत. १९६४ मध्ये त्याच कंपनीचे हिंदुस्तान एरोनॉटिक्स झाले.

त्याच सुमारास नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. तेव्हा संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते आणि ते लोकसभेवर नाशिकहूनच निवडून गेले होते. ओझर नाशिकच्या वाट्याला कसे आले, याचे उत्तर जाणकार त्यात शोधतात. ते काही असो, ओझरने नाशिक जिल्ह्याचा कायापालट केला. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत जे लहान कारखाने उभे राहिले, त्यांतल्या अनेकांचा हात तिथल्या कामावर बसला.

ओझरला पहिल्यांदा बांधले गेले ते मिग २१. हे रशियन विमान १९६३ मध्ये आपल्या हवाई दलात आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्याला अखेरचा निरोप देण्यात आला. बासष्ट वर्षे! आमच्या वाचकांपैकी कोणी बासष्ट वर्षे एकच ट्रक चालवला असेल तर त्याने आम्हाला जरूर कळवावे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत, कारगिलमध्ये, सगळीकडे या विमानाने काम केले, यात शंका नाही. पण त्याची दुसरी बाजूही सरकारनेच संसदेत सांगितली आहे. मे २०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत दिलेल्या उत्तरानुसार, त्या वर्षीच्या १९ एप्रिलपर्यंत मिग जातीच्या विमानांचे ४८२ अपघात झाले होते. त्यांत १७१ वैमानिक गेले आणि ३९ साधे नागरिक गेले, ज्यांचा विमानाशी काही संबंध नव्हता. घेतलेल्या मिग विमानांची संख्या तेव्हा ८७२ सांगितली गेली होती. म्हणजे निम्म्याहून अधिक.

याचे कारण एकच नाही. मिग २१ ला एकच इंजिन. ते हवेत बंद पडले तर दुसरे नाही. पंख लहान, त्यामुळे उतरतानाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. शिकाऊ वैमानिकाला संथ विमानावरून एकदम या घोड्यावर बसवले जाई. मधल्या पायरीचे प्रशिक्षण विमान हवे, असे एअर मार्शल ला फोन्टेन यांच्या समितीने १९८२ मध्येच लिहून दिले होते. ते विमान, ब्रिटिश हॉक, घेण्याचा करार झाला मार्च २००४ मध्ये आणि विमाने प्रत्यक्ष रुजू झाली फेब्रुवारी २००८ मध्ये. सव्वीस वर्षे कागद फिरत राहिला. त्यात वाचलेले पैसे हिशेबाच्या वहीत जमेला दिसले असतील, पण पडलेली विमाने आणि गेलेली पोरे नावे टाकायची कोणाच्या खात्यावर?

जाता जाता सांगतो, हॉक विमाने रुजू झाली ती बिदरला. आपल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे उघडली आणि त्याचा हिशेब ज्या बिदरच्या दरबारी द्यावा लागला, तेच हे बिदर. मंगळवेढ्यात शाळकरी पोरालाही ही कथा ठाऊक आहे. कोठाराचा हिशेब कधी ना कधी द्यावाच लागतो, एवढे आपल्या गावाला नवे नाही.

आता चाचांच्या मुख्य प्रश्नाकडे. विमान पडले की चूक कोणाची?

वर्षानुवर्षे पहिले उत्तर एकच येई : वैमानिकाची. मेलेला माणूस जबाब द्यायला येत नाही. पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात सुरतगडजवळ मिग २१ च्या अपघातात गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ आणि वडील अनिल गाडगीळ यांनी मुलाच्या माथी दोष मारण्याचे मान्य केले नाही. पत्रे लिहिली, वर्तमानपत्रांत बोलले, विमानांच्या सुरक्षिततेसाठी चळवळ उभी केली आणि पुण्यात हवाई विषयाचे शिक्षण देणारी संस्थाही काढली. पुढे आलेल्या 'रंग दे बसंती' या २००६ च्या चित्रपटात ज्या आईचे दुःख दाखवले आहे, त्याचा धागा अनेकांनी याच प्रकरणाशी जोडला.

दुसरे प्रकरण आमच्या कारागीर वाचकांनी लक्षपूर्वक वाचावे. विंग कमांडर संजीत कायला यांचे मिग २१ जानेवारी २००५ मध्ये राजस्थानात पडले. ते विमानातून बाहेर पडून वाचले, पण पाठीच्या दुखापतीमुळे लढाऊ विमान उडवण्याचे त्यांचे आयुष्य संपले. चौकशीत निघाले की दोष वैमानिकाचा नव्हता. विमान बनवतानाच कारागिरी सदोष झाली होती. कायला दिल्ली उच्च न्यायालयात गेले. मे २०१७ मध्ये न्यायालयाने त्यांना ५५ लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला. त्यांपैकी ५० लाख विमान बनवणाऱ्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने आणि ५ लाख केंद्र सरकारने द्यावेत असे ठरले. सैनिकाने जीव धोक्यात घालण्याची तयारी ठेवलेली असते, पण ती शत्रूसमोर. सदोष यंत्रावर बसण्याला त्याने संमती दिलेली नसते, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे.

हा निकाल आम्ही चाचांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे बोट शेवटी लेथपर्यंत येते."

येते. आणि का येते, हे सुखोई विमानाच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होईल. मिगनंतर ओझरला बांधले जाऊ लागले ते सुखोई ३० एमकेआय. दोन इंजिनांचे, दोन वैमानिकांचे, आज आपल्या हवाई दलाचा कणा असलेले विमान. २००२ च्या सप्टेंबरमध्ये ते पुण्याला लोहगावच्या तळावर दाखल झाले. पुणेकरांना त्याचा आवाज आता एसटीच्या हॉर्नइतका सवयीचा झाला आहे.

दोन इंजिने असूनही इंजिनाने त्रास दिलाच. मार्च २०१५ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री, गोव्याचे मनोहर पर्रीकर यांनी संसदेत सांगितले की इंजिनाच्या बिघाडाची ६९ प्रकरणे तपासली गेली. त्यांपैकी ३३ मध्ये दोष निघाला बेअरिंगचा. ११ प्रकरणे कंपनाची आणि ८ प्रकरणे वंगण तेलाचा दाब पडल्याची. बेअरिंग घासून धातूचा बारीक भुगा तेलात उतरे आणि तेलाबरोबर इंजिनभर फिरे. ज्या वाचकांनी एकदा तरी ट्रॅक्टरचे किंवा रिक्षाचे इंजिन उघडले आहे, त्यांना यापुढे काही समजावण्याची गरज नाही. तेल बोटांवर घेऊन चोळून पाहणारा मंगळवेढ्याचा मिस्त्री आणि सुखोईचा इंजिनियर, दोघेही शोधतात एकच गोष्ट. फरक एवढाच की ट्रॅक्टर बंद पडला तर तो बांधावर उभा राहतो. पुढे बेअरिंग आणि तेल या दोन्हींत सुधारणा करण्याचे उपाय योजले गेले.

महाराष्ट्राने सुखोईचे अपघात जवळून पाहिले आहेत. डिसेंबर २०११ मध्ये एक पुण्याजवळ वाडेबोल्हाई परिसरात पडले. १४ ऑक्टोबर २०१४ रोजी थेऊरजवळ एक विमान उतरण्याच्या बेतात असताना दोन्ही वैमानिकांची आसने आपोआप बाहेर फेकली गेल्याचे सांगण्यात आले आणि मग सगळी सुखोई विमाने जवळजवळ महिनाभर जमिनीवर ठेवावी लागली. २७ जून २०१८ रोजी निफाड तालुक्यात वावी ठुशी येथे आणि ४ जून २०२४ रोजी त्याच तालुक्यात शिरसगाव येथे विमान शेतात कोसळले. या चारही वेळी वैमानिक वाचले, ही मोठी गोष्ट. पण निफाड म्हणजे द्राक्षाचा मुलूख. एकरी लाखो रुपये ओतून उभे केलेले पीक, त्यात जळणारे विमान पडते तेव्हा शेतकऱ्याच्या मनात काय होत असेल, याचा विचार बागायती व्यापार करणाऱ्या आमच्या बागवान वाचकांना करता येईल. शिरसगावला पडलेले विमान दुरुस्तीसाठी ओझरला आलेले होते. बांधलेले किंवा दुरुस्त केलेले विमान हवाई दलाच्या हाती देण्याआधी कोणीतरी ते उडवून पाहावे लागते. मालाची तपासणी इथे माणसाच्या जिवावर होते.

आता पैशाकडे येऊ. व्यापारी वाचक त्याचीच वाट पाहत असतील.

डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने १२ नव्या सुखोई विमानांचा करार केला, सुमारे १३,५०० कोटी रुपयांचा. सरळ भागाकार केला तर एक विमान ११२५ कोटींचे. ही बाराही विमाने ओझरलाच बांधली जायची आहेत. फ्रान्सच्या ३६ राफेल विमानांचा सप्टेंबर २०१६ चा करार सुमारे ५९,००० कोटींचा होता. नौदलासाठी २६ राफेल घेण्याचा एप्रिल २०२५ चा करार सुमारे ६३,००० कोटींचा. आपले देशी तेजस त्या मानाने स्वस्त. सप्टेंबर २०२५ मध्ये ९७ विमानांसाठी ६२,३७० कोटी, म्हणजे विमानामागे सुमारे ६४३ कोटी.

हे आकडे ऐकून कोणाचेही डोळे फिरतील. पण व्यापाऱ्याने असा सरळ भागाकार करून फसू नये. कराराच्या रकमेत नुसते विमान नसते. सुटे भाग, अवजारे, प्रशिक्षण, कर, काही करारांत क्षेपणास्त्रे, अमुक वर्षांची देखभाल, सगळे त्यात येते. एकाने रिकामा ट्रक घेतला आणि दुसऱ्याने ट्रक, दोन जादा टायर, विमा आणि पाच वर्षांची सर्व्हिस असा सौदा केला, तर दोघांच्या भावाची तुलना कशी करणार? विमानांच्या किमतीवरून वर्तमानपत्रांत जी हमरीतुमरी चालते, तिचे निम्मे मूळ इथे आहे.

आणि मुद्दल हा तर खर्चाचा पहिला हप्ता. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने सुखोईसाठी फक्त इंजिने मागवली. २४० इंजिने, २६,००० कोटींहून अधिक. ही इंजिने ओडिशातील कोरापुटला बनतात. विमान तीस-चाळीस वर्षे वापरायचे आणि इंजिन ठराविक तासांनी उघडायचे, शेवटी बदलायचे. त्यात विमान उभे राहिले तर तोटा वेगळा. महालेखापालांनी डिसेंबर २०१५ च्या अहवालात नोंदवले होते की सुखोईंपैकी उडण्याच्या स्थितीत असलेली विमाने ५५ ते ६० टक्के, आणि ती असायला हवीत ७५ टक्के. दहा ट्रकांचा मालक, ज्याचे चार ट्रक कायम गॅरेजमध्ये उभे आहेत, त्याने धंदा कसा करावा?

हे आपलेच रडगाणे आहे असे मात्र समजू नका. अमेरिकेचे एफ ३५ हे आजचे सर्वांत गाजलेले लढाऊ विमान. त्यांच्या सरकारी हिशेबतपासनिसांनी २०२४ मध्ये सांगितले की हा सगळा ताफा आयुष्यभर सांभाळण्याचा खर्च दीड लाख कोटी डॉलरच्या पुढे जाईल, आणि हा अंदाज २०१८ पासून चांगलाच चढला आहे. मार्च २०२३ मध्ये या विमानांपैकी कामाला तयार असलेली होती जेमतेम ५५ टक्के. म्हणजे श्रीमंत अमेरिकेचेही जवळजवळ निम्मे ट्रक गॅरेजमध्ये. सप्टेंबर २०२३ मध्ये तर एका एफ ३५ चा वैमानिक आसनासह बाहेर पडला आणि विमान एकटेच पुढे उडत गेले. ते कुठे पडले हे शोधण्यासाठी लष्कराला लोकांची मदत मागावी लागली. आणि जून २०२५ मध्ये ब्रिटिश नौदलाचे एक एफ ३५ केरळात तिरुवनंतपुरमला उतरले ते बिघाड होऊन पाच आठवडे तिथेच अडकले. शेवटी ब्रिटनहून कारागीर आले, तेव्हा २२ जुलैला ते उडाले. केरळच्या पर्यटन खात्याने त्या पाहुण्याची मजेदार जाहिरात करून घेतली. धंदा कसा करावा ते मल्याळी माणसाकडून शिकावे!

आमच्या मेटलच्या व्यापाऱ्यांसाठी आणखी एक उदाहरण. सप्टेंबर २०२२ मध्ये एफ ३५ ची विमाने लष्कराकडे सोपवणे काही आठवडे थांबवण्यात आले. कारण काय? इंजिनाशी संबंधित एका पंपातील चुंबकाची मिश्रधातू चीनमधून आलेली निघाली, जी अमेरिकन कायद्याला चालत नव्हती. चुंबक बिघडला नव्हता, विमान पडले नव्हते. फक्त धातू कुठून आला याचा कागद चुकला होता. आपल्याकडेही जुलै २०१७ मध्ये सीबीआयने एक गुन्हा नोंदवला. 'धनुष' तोफेसाठी जर्मन म्हणून पुरवलेली बेअरिंगे चिनी असल्याचा तो आरोप होता. भंगार बाजारातून रॉड उचलून 'ईएन एटच आहे, घ्या' असे सांगण्याची आपल्याकडची जी सवय आहे, ती या धंद्यात तुरुंगापर्यंत नेऊ शकते.

देशी तेजसविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण नाशिकच्या नव्या कामाची आशा त्यावरच आहे. ओझरला तेजसची तिसरी उत्पादन साखळी सुरू झाली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क वन ए ने उड्डाण केले. पण इंजिन अमेरिकेहून यायचे आणि ते वेळेवर न आल्याने विमाने उशिरा मिळत आहेत, अशी हवाई दलाची तक्रार जगजाहीर आहे. मिग गेल्यावर लढाऊ तुकड्या २९ वर आल्या, मंजूर आहेत ४२. म्हणजे घाई आहे, आणि घाईत काम वाढते. तेजसची सुरक्षिततेची वही बरीच वर्षे कोरी होती. मार्च २०२४ मध्ये जैसलमेरजवळ पहिला अपघात झाला, त्यात वैमानिक वाचला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईच्या प्रदर्शनात दुसरा झाला आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले. एका अपघातावरून विमान वाईट ठरत नाही. पण विकायला मांडलेला माल गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत पडला, हे दुःख वेगळेच.

एक मुद्दा असा आहे की जो आमच्या मटण व चिकन विक्रेत्या वाचकांच्या थेट पोटावर येतो. विमानाच्या इंजिनात पक्षी शिरला तर चांगले विमानही कोसळू शकते. घार वजनाने किती ती? पण ताशी काही शे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला ती दगडासारखी लागते. म्हणून विमानविषयक नियमांत, १९३७ च्या नियमावलीतील ९१ व्या कलमानुसार, विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावर कापणे, सोलणे किंवा पक्षी गोळा होतील असा कचरा टाकणे यांस मनाई आहे. पक्षी येणार नाहीत अशी व्यवस्था असेल तर परवानगी मिळू शकते. बंगळूरच्या हवाई प्रदर्शनाच्या वेळी महापालिकेने येलहंका तळाभोवती मांसविक्रीच बंद ठेवली होती, २०२३ मध्ये दहा किलोमीटरच्या आत आणि २०२५ मध्ये तेरा किलोमीटरच्या आत. तीन-साडेतीन आठवडे! ज्याचे हातावर पोट आहे त्याने काय करायचे, हे कोणी सांगितले नाही. आमचे स्पष्ट मत असे की घारी दुकानामुळे येत नाहीत, उघड्यावर टाकलेल्या आतड्या-पिसांमुळे येतात. कचरा वेळेवर उचलून बंद गाडीतून नेण्याचे काम नगरपालिकेचे आहे. लोहगाव, ओझर किंवा सोलापूरच्या विमानतळाजवळ ज्यांची दुकाने आहेत, त्यांनी झाकणाची पिंपे ठेवावीत, कचरा उचलल्याची पावती जपावी आणि परवान्याची कागदपत्रे नीट ठेवावीत. बंदीची नोटीस येते तेव्हा बोलायला हातात काहीतरी हवे.

तर मग पुतण्याने सीएनसी घ्यावी की नाही?

आम्ही नाशिकला या धंद्यात असलेल्या दोन-तीन कारखानदारांशी बोललो. त्यांच्या सांगण्याचा सारांश असा. विमानाच्या कामात मशीनपेक्षा वही महाग. रॉड आला की त्याचे टेस्ट सर्टिफिकेट, त्यावरचा हीट नंबर, तो रॉड कापून किती नग झाले, कोणत्या दिवशी, कोणत्या मशीनवर, कोणाच्या हातून, कोणत्या मापाने तपासले, हे सगळे लिहून वर्षानुवर्षे जपावे लागते. दहा वर्षांनी कुठे विमान पडले तर तो नग कोणत्या रॉडचा होता हे सांगता आले पाहिजे. माप सांभाळायचे ते दहा-वीस मायक्रॉनमध्ये. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी चूकही चालत नाही. नाकारलेला नग भंगारात टाकायचा तोही ठेचून, नाहीतर तो बाजारात फिरून परत विमानात जाईल ही भीती.

यासाठी 'एएस ९१००' हे प्रमाणपत्र लागते. ते तीन वर्षांचे असते आणि दरवर्षी तपासनीस येतो, त्याची फी वेगळी. हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग किंवा वेल्डिंग करायचे तर त्यासाठी आणखी वेगळी मान्यता. लष्करी विमानाच्या मालावर वैमानिकी गुणवत्ता हमी महासंचालनालयाची नजर असते ती निराळीच. पहिला नग मंजूर होईपर्यंत कधी कधी वर्ष जाते आणि तोवर बँकेचा हप्ता थांबत नाही.

पैसे मिळण्याची गोष्टही उघड बोललेली बरी. आम्ही स्वतः पूर्वी एका मोठ्या कारखान्याला छपाईचा माल पुरवला होता. बिलाचे पैसे अकरा महिन्यांनी मिळाले आणि तेही चौदा खेपा घातल्यावर. लहान पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर व्याजही मागता येते. एप्रिल २०२४ पासून आयकराच्या कलमातही बदल झाला असून, मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजावटीला घेता येत नाही. सरकारी कंपन्यांनी आपल्या खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म व लहान उद्योगांकडून करावी असाही नियम आहे. पण हे सारे फायदे उद्यम नोंदणी असेल त्यालाच. आमच्या बिरादरीतील कितीतरी चांगले कारागीर आजही कच्च्या पावतीवर धंदा करतात. हाताचे कसब असून ते कागदावर नसल्यामुळे मागे राहतात, याचे आम्हाला वाईट वाटते.

आम्ही चाचा-पुतण्यांपुढे हे सगळे मांडले. थोडी वादावादी झाली. पुतण्याचे म्हणणे, प्रमाणपत्र नसताना कोणी काम देत नाही आणि काम नसताना प्रमाणपत्राचा खर्च पेलत नाही, मग सुरुवात करायची कुठून? त्यावर नाशिकच्या एका कारखानदाराने सांगितलेला रस्ता आम्ही सुचवला. विमानात बसणारा पार्ट पहिल्यांदा धरूच नये. पार्ट पकडण्यासाठी लागणारी जिग, फिक्श्चर, ट्रॉली, स्टँड अशी कामे प्रमाणपत्र असलेल्या कारखान्याकडून घ्यावीत. ती जमिनीवरच राहतात, तरी मापे कडक असतात, त्यामुळे हात आणि वही दोन्ही तयार होतात. शिवाय त्यासाठी आहे ती लेथ आणि एक बरे मिलिंग मशीन पुरते.

विमानांच्या हँगरमध्ये कामाच्या शेवटी प्रत्येक अवजार मोजतात, हे पुतण्याने नाशिकला पाहिले होते. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याचा आकार रंगवलेला असतो. पाना जागेवर नसला तर आकार मोकळा दिसतो आणि तो सापडेपर्यंत विमान उडत नाही, कारण इंजिनात राहिलेला एक पाना पुरेसा असतो. चाचांना ही गोष्ट फार पटली. "आमचा दहा-अकराचा पाना आठवड्यातून दोनदा हरवतो," ते म्हणाले.

सीएनसीचे कर्ज तूर्त पुढे ढकलले आहे. उद्यम नोंदणी झाली. पुतण्या पुढल्या आठवड्यात रात्रीच्या एसटीने नाशिकला जाऊन फिक्श्चरच्या दोन ड्रॉइंगचे दर देणार आहे. चाचांनी त्याला एकच अट घातली, की रॉड सोलापूरच्या ज्या दुकानातून घ्यायचा तिथून सर्टिफिकेट हातात पडल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत. परत निघताना आम्ही पाहिले तर वर्कशॉपच्या भिंतीवर प्लायची नवी फळी ठोकलेली होती आणि एक पोरगा तिच्यावर पाने ठेवून खडूने त्यांची आखणी करत होता.